बदलीवाला

नव्या घरात संडास आहे आणि बाबा तिथे जात नाहीत, यावरून आमच्याकडे सप्टेंबरभर कटकट चालली होती. बाबा म्हणजे माझे सासरे, दत्ताराम. त्यांचा सगळा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत गेला. संडास गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याचा मिळून. मग आमची चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, ऑगस्टमध्ये चावी मिळाली आणि आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहायला आलो. घरात एक सोडून दोन संडास. इतकी वर्षं डबा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने खरं म्हणजे आत जाऊन कडी लावून निवांत बसावं. तर हे लिफ्टने खाली उतरायचे, रस्ता ओलांडायचे आणि समोरच्या, अजून न पाडलेल्या चाळीच्या तळमजल्यावर जुन्या संडासात जायचे. विचारलं की एकच उत्तर. जिथे जेवण शिजतं तिथेच भिंतीपलीकडे कसं बसायचं, मला होत नाय.

सासूबाई, जाईबाई, कपाळाला हात लावायच्या. जन्मभर त्या रांगेला शिव्या घातल्या ह्यांनी, आता घरात आहे तर ह्यांना परक्याचा पाहिजे, असं येईल-जाईल त्याला सांगायच्या. माझा नवरा धम्मपाल, "जाऊ दे ना यार, म्हातारा माणूस आहे," बोलून मोबाइलमध्ये तोंड घालायचा. मी तोंडाळ आहे, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे, त्यामुळे मी स्पष्टच बोलायचे. बाबा, लोकांना वाटेल सून आत जाऊ देत नाही. ते नुसते हसायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे.

नुसता हट्ट असता तर किती बरं झालं असतं.

गोष्ट त्याच्या आधीच्या सहा डिसेंबरपासून सुरू होते. दरवर्षी शिवाजी पार्कात, चैत्यभूमीच्या रांगेतल्या लोकांना पाणी वाटायला आमच्या चाळीचा स्टॉल असतो आणि बाबा त्या स्टॉलवर सकाळपासून उभे असतात. त्या वर्षी ते दुपारी मटकन खाली बसले. धम्मपालने दादरलाच एका डॉक्टरकडे नेलं, तिथे कळलं की लघवीतून रक्त जातंय आणि ते बरेच दिवस जातंय. सांगितलं का नाही, तर बोलले, आपोआप थांबेल असं वाटलं. सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. डाव्या किडनीत गाठ, कॅन्सरची. परळच्या हॉस्पिटलात ती किडनी काढून टाकली.

मी लोअर परळला इन्शुरन्सच्या ऑफिसात सेकंड शिफ्टला असते. सकाळी मोकळी असते म्हणून हॉस्पिटल माझ्या वाट्याला आलं. धम्मपाल महापालिकेच्या पाणीखात्यात आहे, त्याला सकाळची ड्यूटी. तो तिथे पर्मनंट झाला त्या दिवशी बाबांनी अख्ख्या चाळीला पेढे वाटले होते. आमच्या लग्नात एवढे वाटले नव्हते.

किडनी काढली तरी हा कॅन्सर परत येऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येऊ नये म्हणून एका लसीचा अभ्यास चाललाय, त्यात बाबांना घेता येईल. लस म्हटल्यावर आम्हाला पोलिओ नाहीतर कोविड आठवणार. समजावून सांगायला क्षितिजा मॅडम आल्या. अभ्यासातल्या पेशंटचं सगळं त्या बघायच्या. मॅडम कसली, माझ्याच वयाची, गिरगावातली, जुन्या शिकलेल्या घरातली. बोलणं एकदम स्वच्छ, एकही शब्द खाली पडू द्यायची नाही. तिने सांगितलं की गाठीच्या पेशींवर काही खुणा असतात, त्या प्रत्येक माणसाच्या वेगळ्या. काढलेल्या गाठीतून त्या खुणा शोधायच्या, त्यावरून लस बनवायची, आणि ती टोचली की शरीरातले पहारेकरी तो चेहरा ओळखायला शिकतात. कुठे लपलेल्या पेशी असल्या तर धरतात. पहारेकरी म्हटल्यावर बाबांनी मान हलवली, कारण मिल बंद पडल्यावर त्यांनी शिवडीच्या गोदामांवर वॉचमनगिरीच केली होती. कंत्राटावर, आज या गोदामाला तर उद्या त्या.

लसीबरोबर दर तीन आठवड्यांनी एक सलाइन होतं. त्या औषधाने पहारेकऱ्यांचा लगाम सुटतो. मग कधी कधी ते घरच्याच माणसांना मारायला लागतात, क्षितिजाने हे दोनदा सांगितलं. आतडं, फुप्फुस, लिव्हर, कुठेही. जुलाब, दम, ताप, काहीही झालं तरी लगेच कळवायचं. लपवलं तर जिवावर बेतू शकतं. आणि शेवटी बोलली, "काका, ही लस फक्त तुमच्यासाठी बनणार. जगात दुसऱ्या कुणालाही ती चालणार नाही."

बाबांनी सही केली. खाली उतरल्यावर मला बोलले, पोरगी गोड बोलते. मिलमधला जॉबर पण असाच गोड बोलायचा, कामावर घेताना. एका माणसासाठी कोण कारखाना चालवतो? एका माणसाच्या लेंग्यासाठी कधी मिल चालू झाली काय? मी सांगितलं, बाबा, आता असं करता येतं, विज्ञान पुढे गेलंय. ते बोलले, बरं बरं. बरं बरं म्हणजे त्यांना एक अक्षर पटलेलं नाही, हे मला इतक्या वर्षांत कळायला पाहिजे होतं.

लस बनून यायला मे महिना उजाडला. दंडात आणि मांडीत टोचायचे, वेगवेगळ्या जागी. सुरुवातीला दर आठवड्याला, मग अंतर वाढलं. बाबांना त्या इंजेक्शनांचं कौतुक. टोचलेल्या जागी लाल गाठ आली की शर्टाची बाही वर करून जाईबाईंना दाखवायचे. सोमवारी क्षितिजाचा फोन यायचा, बाबा स्पीकर चालू करून सगळ्यांच्या मध्ये बसायचे. काही त्रास? "एकदम फर्स्टक्लास, मॅडम." जुलाब वगैरे? "फर्स्टक्लास." भूक? तेच. एका शब्दात सगळा फोन उरकायचे. मला वाटायचं, चला, एक तरी गोष्ट या घरात सुरळीत चाललीय.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्हाला दौलत भेटले. लालबागचे, मालवणी, बाबांच्याच वयाचे, पांढरी टोपी आणि पायात स्पोर्ट्सचे बूट. तेसुद्धा मिलमधले. त्यांचीही किडनी काढलेली, पण कॅन्सर छातीत पोचला होता म्हणून त्यांना या अभ्यासात घेतलं नव्हतं. ते गोळ्यांवर होते, आणि त्या घेण्यासाठी आणि रक्त तपासायला यायचे. बाबांना बघितलं की सरकून जागा द्यायचे आणि पहिला प्रश्न, "काय रे दत्ताराम, काय त्रास?" बाबा छाती पुढे काढून बोलायचे, फर्स्टक्लास. मग दोघं मिलच्या गप्पा मारायचे. कुठल्या भोंग्याचा आवाज कसा, कँटीनमधला कुठला वडा. मला वाटलं, बरं झालं, जोडी जमली.

घरी येताना टॅक्सीत मात्र बाबा वेगळंच बोलायचे. त्या दौलतला काही सांगत जाऊ नको. तो टपलाय. माझ्या नंबरावर टपलाय. मी बोलले, बाबा, कसला नंबर, ती काय रेशनची रांग आहे? ते खिडकीतून बाहेर बघत बसले.

ऑगस्टमध्ये घर बदललं, आणि सप्टेंबरमध्ये ते खालच्या संडासाचं सुरू झालं. त्याच सुमाराला बाबा सुकटीचं कालवण नको म्हणायला लागले. ज्या माणसाला सुकटीशिवाय भाकरी उतरत नाही, तो दहीभात कालवून खायला लागला. तोंडाला चव नाय, बोलले. पँटला पट्टा पुरेना म्हणून नाडी बांधली. जाईबाई बोलल्या, औषधाने माणूस उतरणारच. मलाही तेच वाटलं. एवढं मोठं ऑपरेशन, वर लस, वर घर बदलण्याची दगदग.

मग तो हॉस्पिटलचा दिवस आला. त्या दिवशी लस पण होती आणि सलाइन पण. नंबर लागायला वेळ होता. बाबा "आलोच" म्हणून उठले. मी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज वाचत बसले होते. दौलत माझ्या बाजूला येऊन बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात बोलले, "सूनबाई, तो सकाळपासून सारखो आत-बाहेर करता. मी आता त्याच्या मागसून गेललंय. आत रगत आसा."

खोटं नाही सांगत, पहिला राग मला त्यांचाच आला. बाबा बरोबरच बोलत होते, हा टपलेलाच आहे, असं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. आणि दुसऱ्याच क्षणी खालची चाळ, लिफ्ट, दहीभात आणि ती नाडी, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. एकोणिसाव्या मजल्यावर संडासात गेलं की दहा फुटांवर आम्ही सगळे. किती वेळा गेला, किती वेळ बसला, पाणी किती वेळा ओढलं, सगळं ऐकू येणार. म्हणून हा माणूस रस्ता ओलांडून जात होता.

बाबा भिंतीला हात लावत परत आले. बाकावर बसले, रुमालाने कपाळ पुसलं. मी विचारलं, बाबा, पोट बिघडलंय का? बोलले, नाय, फर्स्टक्लास. ओठ पांढरे पडले होते आणि बोलतायत फर्स्टक्लास.

आता मला काय करायचं होतं ते नीट सांगते, कारण त्यावरून नंतर नातेवाइकांत पुष्कळ चर्चा झाली. सांगितलं तर लस थांबणार, हे मला कळत होतं. लस थांबली आणि उद्या कॅन्सर परत आला तर अख्खा जन्म माझ्याकडे बोट दाखवलं जाणार, सुनेने तोंड उघडलं म्हणून. नाही सांगितलं तर आज ते सलाइन लागणार, आणि आतून रक्त जाणाऱ्या माणसाला आणखी एक सलाइन. धम्मपालला फोन लावला, तो उचलेना. कुठे तरी पाइप फुटला असणार. मी उठले आणि क्षितिजाच्या खोलीत गेले.

ती ऐकता ऐकताच उभी राहिली. पुढे सगळं भराभर झालं. खुर्ची आली, दोन नर्स आल्या, बाबांना बाकावरून उठवून त्यात बसवलं. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दौलतकडे. दौलत टोपी हातात धरून उभे होते.

"घालवलास माझा नंबर," बाबा मला बोलले. "आता हा आत जाणार."

आतड्याला सूज होती, आतून जखमा झाल्या होत्या. पहारेकऱ्यांनी आतडं सोलून काढलं होतं. महिन्याभरापासून चाललं असणार, डॉक्टर बोलले. आणखी आठ दिवस गेले असते तर आतडं फाटलं असतं आणि मग आमच्या हातात काही नव्हतं. स्टिरॉइडची सलाइनं सुरू झाली. धम्मपाल रडला, जाईबाई रडल्या नाहीत, त्यांनी पलंगाच्या पायाशी उभं राहून नवऱ्याला एवढं झापलं की बाजूच्या बेडवरच्या पेशंटने कूस बदलली. बाबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. माझ्याशी मात्र बोलणं बंद. मी पाणी दिलं तर घ्यायचे, डोळे वर करायचे नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं कोण म्हणेल. त्या माणसाने मला लग्नानंतर कधी 'अगं' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, आवाज चढवला नव्हता. घरी येऊन मी त्या नव्या कोऱ्या संडासात कडी लावून रडले.

दौलत एकदा वॉर्डात बघायला आले. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. ते थोडा वेळ उभे राहिले, मला बोलले, बरो झाल्यावर येतंय, आणि गेले.

चार-पाच दिवसांनी रक्त थांबलं. दुपारी ऑफिसला जायच्या आधी मी पेज भरवत होते. हाताला सुई होती म्हणून भरवावी लागायची, नाहीतर माझ्या हातून खाल्लीही नसती. अर्धी वाटी झाली तेव्हा ते आपणहून बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, समोरच्या खिडकीकडे बघून.

"आमच्या रिंगखात्यात, सूत कातायच्या खात्यात, एक अण्णा होता. पर्मनंट. मी बदलीवाला. बदलीवाला म्हणजे तुला माहीत नसेल. रोज सकाळी पाळीच्या आधी जाऊन उभं राहायचं. कोण पर्मनंटवाला आजारी पडला, नाय आला, तर जॉबर आपल्याला आत घेणार. सगळे आले तर परत घरी, बिनपगारी. अण्णाची छाती खराब होती. मी त्याला रोज विचारायचो, अण्णा, काय त्रास? तो बोलायचा, फर्स्टक्लास. अंग तापलेलं असायचं त्याचं, तरी बोलायचा फर्स्टक्लास. मी कशाला विचारतो ते त्याला माहीत होतं. अण्णा खोकला की मला बरं वाटायचं, प्रिती."

मी विचारलं, मग अण्णांचं काय झालं?

"एक दिवस नाय आला. मी आत गेलो."

त्यानंतर वर्षभरात संप झाला, मिल बंद पडली, बाबा शेवटपर्यंत बदलीवालेच राहिले. हे मला तुकड्या-तुकड्यांत माहीत होतं, जाईबाई कधीमधी सांगायच्या. विणखात्यात पगार बरा, पण तिथे आमच्या लोकांना पूर्वीपासून शिरकाव नव्हता. म्हणून रिंगखातं, आणि तिथेही बदली. पण हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसून हा माणूस पाच महिने मिलच्या गेटवरच उभा होता, फक्त या वेळी अण्णाच्या जागेवर, हे माझ्या डोक्यात कसं येणार? क्षितिजाच्या तर सात पिढ्यांत कुणाच्या आलं नसतं.

मी क्षितिजाला बाहेर गाठून हे सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आली, स्टूल ओढून बाबांजवळ बसली. आधी तब्येत विचारली. मग तिने सांगितलं की अभ्यासाचे नियम आहेत, एवढा मोठा त्रास झाल्यावर ते औषधही बंद आणि लसही बंद, कायमची. पुढची तपासणी मात्र चालू राहील.

बाबा बोलले, मला वाटलंच होतं. मग बोलले, "माझी जी उरलीय ती दौलतला द्या. तो उभाच आहे कधीचा. माणूस बरा आहे."

पाच महिने ज्याच्या सावलीला घाबरला, त्याच्यासाठी हा माणूस बोलत होता. क्षितिजाने नाही म्हणून मान हलवली. "काका, दौलतकाकांना ती देऊन काही उपयोग नाही. तुमच्या गाठीवरच्या खुणांवरून बनवलीय ती. त्यांच्यासाठी ते पाणी आहे. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"सांगायचं म्हणून सांगितलं असेल, असं वाटलं."

"नाही. खरंच फक्त तुमची आहे."

बाबा उठून बसायला लागले, मी पाठीमागे उशी लावली. त्यांनी विचारलं की समजा, पोट पहिल्यांदा बिघडलं तेव्हाच सांगितलं असतं तर. क्षितिजाने माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं.

"तेव्हा सौम्य असणार," ती बोलली. "आम्ही काही आठवडे थांबलो असतो. गोळ्या दिल्या असत्या, आणि पोट शांत झाल्यावर बहुतेक परत सुरू केलं असतं. बऱ्याच जणांचं केलंय."

"आणि तोवर माझ्या जागेवर?"

"तुमच्या जागेवर कोण येणार, काका? तुमच्या बाटल्या फ्रीझरमध्ये तशाच राहिल्या असत्या. दुसऱ्या कुणाला देताच येत नाहीत."

बाबांनी आपल्या हाताकडे बघितलं, जिथे सुई होती तिथे. मग बोलले, "म्हणजे मी पर्मनंट होतो."

विचारल्यासारखं नाही बोलले. क्षितिजाला काय ते नीट कळलं नाही, ती बोलली, हो, तसं म्हणता येईल. मी पेजेची वाटी घेऊन धुवायच्या निमित्ताने बाहेर आले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की वाटी फेकून द्यावीशी वाटली, आणि इतकी कीव आली होती की परत आत जाऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले. यातलं काहीच केलं नाही, वाटी धुतली.

दुसऱ्या दिवशी दौलत तपासणीला येणार होते. बाबांनी मला सांगितलं, त्याला वर घेऊन ये. मी नेलं. बाबांनी त्यांना बसायला सांगितलं, इकडचं-तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं, तुला ठाऊक होतं, माझी लस तुला चालत नाय म्हणून? दौलत बोलले, म्हणजे काय, त्यांना नाही म्हणून सांगितलं तेव्हाच डॉक्टरांनी समजावलं होतं.

"मग रोज कशाला विचारायचास, काय त्रास, काय त्रास?"

दौलत टोपीची कड चाचपत बसले. मग बोलले, "मी तुका इचारी, म्हंजे तू पण माका इचारशीत म्हणान."

बाबांनी त्यांना खरंच कधी विचारलं नव्हतं. पाच महिन्यांत एकदाही नाही, मी साक्षीदार आहे. सून-मुलगा विरारला, घरात बायको नाही, दौलत एकटेच परळला चालत यायचे. बाबांनी खाटेवरून हात पुढे केला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "सांग," बोलले, "काय त्रास?" दौलतनी जे सुरू केलं ते थांबेनात. तळपायाची कातडी निघते, जिभेला फोड येतात, झोप नाही, जिना चढताना छाती भरते. बाबा मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते. मला ऑफिसला उशीर होत होता, तरी मी थांबले.

आता बाबा घरी आहेत. स्टिरॉइडने तोंड सुजलंय, आरशात बघून हसतात. जानेवारीतल्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, पुढचा एप्रिलमध्ये. लस जेवढी झाली तेवढी किती काम करेल, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारायचं सोडून दिलंय. घरातल्या संडासात जातात, कडी न लावता, जाईबाईंची तशी ताकीदच आहे. महिन्यातून एकदा परळला जातात ते दौलतच्या तारखेला, स्वतःच्या नाही. बरोबर सुकटीची चटणी नेतात. दौलतना जिभेमुळे ती खाता येत नाही, मग दोघं बाकावर तिचा नुसता वास घेतात आणि डबा परत येतो.

क्षितिजाचा फोन आता महिन्यातून एकदा येतो. अभ्यासातून बाहेर काढलं तरी विचारपूस चालू ठेवायची असते. गेल्या सोमवारी आला तेव्हा मी भाजी चिरत होते. स्पीकर चालू. काही त्रास, काका? आणि बाबांनी सांगायला घेतलं. डावा गुडघा दुखतो. हिरड्यांतून कधी कधी रक्त येतं. सकाळी उठल्यावर डोकं जड. पाठीला खाज सुटते, बायको खाजवून देत नाय. पादतो फार. जाईबाईंनी पदर तोंडाला लावला. क्षितिजा बिचारी हं, हं करत सगळं लिहून घेत होती.

सगळं संपल्यावर ती बोलली, अजून काही?

बाबांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. "मॅडम, त्या माझ्या बाटल्या. फेकल्या काय?"

"नाही काका. अभ्यास संपेपर्यंत ठेवाव्या लागतात. आहेत फ्रीझरमध्ये."

"माझ्याच नंबराने?"

"हो. तुमच्याच."

"असू देत," बाबा बोलले, आणि फोन ठेवून जेवायला पाट मांडायला उठले.